बिडाचा तुटका दाता

लाकडी तुळयांना भोके पाडण्याचे एक जुने हातयंत्र असते. खाली जाड लाकडी पाट, त्यावर दोन उभे खांब, खांबांमधून वर-खाली सरकणारी बिडाची चौकट आणि चौकटीच्या दोन्ही बाजूंना एकेक हँडल. सुतार पाटावर बसतो. त्याच्याच वजनाने यंत्र तुळईवर घट्ट राहते. दोन्ही हातांनी हँडले फिरवली की काटकोनात जुळलेली दातेरी चाके फिरतात आणि गिरमिट सरळ रेषेत लाकडात उतरते. हवे तेवढे खोल गेले की खिट्टी सरकवायची. मग तीच हँडले गिरमिटाला दातेरी पट्टीवरून वर ओढून घेतात. कुसू बसवायची खाच करताना आधी ओळीने भोके पाडायची आणि उरलेले लाकूड पटाशीने साफ करायचे, ही सुतारांची जुनीच रीत. या यंत्राने ती झपाट्याची आणि नेमकी केली. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतली मिलर्स फॉल्स कंपनी अशी यंत्रे बनवत असे. रॉकफर्ड गावच्या बार्न्स कंपनीने तर हाताने आणि पायाने चालणाऱ्या करवतींचा आणि लेथचा मोठा पसारा मांडला होता, कारण लहान कारखानदाराला वाफेचे इंजिन परवडत नसे.

ही यंत्रे दणकट दिसतात, पण त्यांची मोडण्याची एक ठरलेली तऱ्हा आहे. त्यांचे बहुतेक भाग बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे असतात. बिडात साधारण दोन ते चार टक्के कार्बन असतो आणि करड्या बिडात तो ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात पसरलेला असतो. या पापुद्र्यांमुळे बीड ओतायला सोपे, कापायला मऊ आणि घसटीला चिवट होते. पण त्याच पापुद्र्यांच्या कडेने ते फुटतेही. पोलाद आधी वाकते, इशारा देते. बीड इशारा देत नाही. यंत्र माळ्यावरून खाली पडले, गंजून घट्ट झालेले हँडल कोणी पाइप घालून जोराने फिरवले, की चाकाचे दोन-तीन दाते एका क्षणात उडतात किंवा चौकटीचा कान निखळतो. पाटाला वाळवी लागते. हँडल कोणीतरी दुसऱ्याच कामाला नेलेले असते. अशा अवस्थेतले यंत्र समोर आले की प्रश्न उभा राहतो: याचे करायचे काय?

मुळशी तालुक्यातल्या मारुंजीसारख्या गावात हा प्रश्न फार वेगाने विचारला जातो आणि त्याहून वेगाने निकालात निघतो. हिंजवडीच्या आयटी पार्कला लागून असलेले हे गाव. शेतांच्या जागी टाउनशिप आल्या, जुनी घरे पाडून इमले उभे राहिले, आणि घर पडताना माळ्यावरचे सगळे एकाच दिवशी अंगणात येते. हिंजवडीची मूळ योजना साखर कारखान्याची होती, ही हकिकत शरद पवारांनी जाहीर भाषणांत सांगितलेली आहे. पुढे त्या जागी संगणक आले आणि संत तुकाराम सहकारी साखर कारखाना कासारसाई-दारुंबरे भागात उभा राहिला. जमिनीने एवढी मोठी कूस बदललेल्या परिसरात जुन्या अवजाराला दोनच वाटा उरतात. पहिली वाट भंगारवाल्याच्या काट्यावर जाते. दुसरी पुण्याच्या जुन्या बाजारातून एखाद्या हॉटेलच्या दर्शनी भागात. तिथे यंत्राला चकचकीत काळा रंग देतात, चाके वेल्डिंगने जागच्या जागी पक्की करतात, म्हणजे कोणाचे बोट अडकायला नको, आणि वर दिवा बसवतात.

तिसरी वाट आहे आणि ती महाग, वेळखाऊ आणि कटकटीची आहे: तुटलेले भाग नव्याने घडवून यंत्र पुन्हा चालते करायचे, ते लाकडाला भोक पाडेपर्यंत थांबायचे नाही. या लेखाचे म्हणणे असे, की ही तिसरी वाट धरण्यासारखी आहे आणि तिचे खरे कारण यंत्राच्या वयात किंवा देखणेपणात नाही. एक तुटका दाता पुन्हा बसवायला जी माणसे आणि जी विद्या एका ठिकाणी आणावी लागते, ती एरवी एकत्र येतच नाही. दुरुस्ती तिला एकत्र आणते. यंत्र हे त्याचे निमित्त, आणि निमित्त खरे असल्याशिवाय माणसे जमत नाहीत.

या म्हणण्यावरचा सर्वांत जोरकस आक्षेप महाराष्ट्राच्याच औद्योगिक इतिहासातून येतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते; चित्रकला शिकायला आलेल्या या माणसाला काही रंग नीट ओळखता येत नव्हते, म्हणून ते यंत्रांच्या आरेखनाकडे वळले. बेळगावात सायकलींपासून सुरुवात करून त्यांनी हाताने फिरवायचे कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर बनवले. लोखंडाने जमीन बिघडते, या शेतकऱ्यांच्या समजुतीशी त्यांना झगडावे लागले. १९१० मध्ये औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा नांगर ओतण्यासाठी दिल्या, असे महाराष्ट्रात आवर्जून सांगितले जाते. या हकिकतीचा अर्थ सरळ आहे. निकामी झालेला जुना धातू भट्टीत घालून त्याचे आजच्या कामाचे अवजार करणे हे पुण्यकर्म होते. मग शंभर वर्षांच्या तुटक्या यंत्राला मोडीत काढण्यात वाईट ते काय?

आक्षेप गंभीर आहे आणि त्याला भावनेने उत्तर देता येणार नाही. पण तोफ आणि भोके पाडायचे यंत्र यांत फरक आहे. तोफ वितळली तेव्हा तोफा ओतायची विद्या इथे आधीच लोपली होती आणि नांगर ओतायची विद्या जन्माला येत होती. भट्टीपाशी कोणीतरी काहीतरी शिकत होते. आज मारुंजीतून काट्यावर गेलेल्या बिडाचे पुढे काय होते हे विकणाऱ्याला कळतही नाही. त्या व्यवहारात कोणीच काही शिकत नाही. किर्लोस्करांनी जे केले त्याच्याशी नाते सांगायचे तर ते वितळवण्याशी सांगून भागणार नाही. आयात केलेले यंत्र उघडून, मोजून, त्याचा प्रत्येक भाग इथल्या हातांनी ओतण्याशी सांगावे लागेल. तुटक्या यंत्राची दुरुस्ती नेमके तेच काम, एका भागापुरते, पुन्हा करते.

ते काम कसे चालते हे थोडे तपशिलात पाहिले पाहिजे, कारण वादाचा निकाल तपशिलातच आहे.

सुरुवात गंजापासून. घाई झालेला माणूस ग्राइंडरला तारेचा ब्रश लावतो आणि तासाभरात यंत्र पांढरे फटक करतो. त्याबरोबर ओतीव अक्षरांच्या कडा, जुन्या काळ्या रंगाचे अवशेष आणि कारखान्यातल्या कानशीचे ओरखडे निघून जातात; शिवाय जुन्या रंगात शिसे असू शकते, त्याची धूळ फुप्फुसात जाते ती वेगळीच. सावकाश चालणारे उपाय अधिक चांगले. एक भाग मळीत नऊ भाग पाणी मिसळून त्यात लोखंड बुडवून ठेवले, तर गंज आठवड्या-दोन आठवड्यांत सुटतो आणि खालच्या धातूला फारसा धक्का लागत नाही. मळी म्हणजे साखर कारखान्याचेच उपउत्पादन. ज्या परिसराच्या नशिबी एकदा साखर कारखाना लिहिलेला होता, तिथे हा उपाय परका वाटू नये. दुसरा उपाय धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावण्याचा. गंजलेला भाग ऋण टोकाला, साध्या लोखंडाचा तुकडा धन टोकाला, आणि काम उघड्या हवेत, कारण पाण्यातून हायड्रोजन निघतो. स्टेनलेस स्टीलचा तुकडा मात्र कधीही लावू नये. त्यातला क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतो.

गंज उतरला की मोडतोड वाचायची. दाते तुटले ते का तुटले? शाफ्ट बुशिंगमध्ये गच्च बसला होता का? चाक शाफ्टवर पक्के धरणारी चावी झिजून चाक डगडगत होते का? कारण न शोधता नवा दाता बसवला तर तोही त्याच जागी तुटतो. मोटारीच्या गॅरेजात जुने मिस्त्री हाच प्रश्न आधी विचारत. आज बहुतेक ठिकाणी भाग बदलून दिला जातो, कारण भाग मिळतो. जुन्या यंत्राचा भाग मिळत नाही, म्हणून विचार करावाच लागतो.

एक-दोन दातेच गेले असतील तर चाक वाचवता येते. तुटलेल्या दात्याच्या जागी बारीक भोके पाडून त्यांत खुंट्या पक्क्या करायच्या, त्यांच्याभोवती पितळ किंवा ब्राँझ भरायचे आणि मग शेजारच्या चांगल्या दात्याचा पत्र्याचा छाप समोर ठेवून नव्याला कानशीने आकार द्यायचा. ब्राँझचा रस नऊशे अंशांच्या आसपास धरतो, म्हणजे बीड वितळण्याच्या बरेच आधी, हा त्याचा मोठा गुण. चौकटीला तडा गेला असेल तर निकेलच्या वेल्डिंग रॉडने सांधता येते, पण आधी भाग तापवून घ्यावा लागतो आणि नंतर राखेत किंवा चुन्यात पुरून तासन्‌तास सावकाश निववावा लागतो. घाईने निवलेले बीड सांध्याजवळ पांढरे आणि इतके टणक होते की त्यावर कानस घसरते, आणि बऱ्याचदा सांध्याशेजारी नवा तडा जातो. वेल्डर निष्णात असला तरी बीड हाताळलेला नसेल तर पहिल्या पाच मिनिटांत नुकसान करून बसतो.

सगळे चाकच गेले असेल तर ते नव्याने ओतायचे, आणि इथे हा विषय खरा रंगतो. तुटलेलेच चाक चिकटवून वाळूत दाबावे, साचा घ्यावा आणि ओतावे, असे प्रथम कोणालाही सुचते. तसे केले तर चाक लहान निघते. करडे बीड थिजताना आणि निवताना साधारण एक टक्का आकसते. शंभर मिलिमीटरचे चाक नव्व्याण्णवचे होऊन बाहेर येते आणि जोडीच्या चाकाशी त्याचे जमत नाही. म्हणून पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा उमटवायचा लाकडी नमुना, बनवणारा सुतार वेगळी मोजपट्टी वापरतो. या पट्टीवरचा प्रत्येक फूट खऱ्या फुटापेक्षा सुमारे एक अष्टमांश इंच मोठा असतो, म्हणजे त्याने डोक्यात हिशेब न करता मोजले तरी आकसण्याची बेगमी आपोआप होते. लेथवर कापायच्या जागी तो दोन-तीन मिलिमीटर जास्त लाकूड ठेवतो. पॅटर्नच्या बाजूंना किंचित उतार देतो, नाहीतर तो वाळूतून उचलताना साच्याच्या कडा ढासळतात. आतल्या कोपऱ्यांना गोलाई देतो, कारण बिडाला तीक्ष्ण कोपरा सोसत नाही. हे सगळे सागाच्या ठोकळ्यात, पटाशी आणि कानशीने.

लोखंडी यंत्राचा जन्म सुताराच्या हातात होतो, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. लाकूडकामाचे यंत्र तुटले तर ते पुन्हा उभे करायला आधी लाकूडकामच लागते.

मग मापांचा प्रश्न. जुनी इंग्रजी आणि अमेरिकी चाके मॉड्यूलच्या, म्हणजे एका दात्यामागे व्यासाचे किती मिलिमीटर या, हिशेबाने कापलेली नसतात. त्यांची भाषा डायमेट्रल पिचची: व्यासाच्या एका इंचामागे किती दाते. सरळ दात्यांच्या चाकाचे दाते मोजायचे, त्यात दोन मिळवायचे आणि बाहेरच्या व्यासाच्या इंचांनी भागायचे. चोवीस दाते आणि सव्वातीन इंच व्यास असेल तर उत्तर आठ येते. मॉड्यूलमध्ये सांगायचे तर ३.१७५. कारखान्यात ३ मॉड्यूलचा कटर हाताशी असतो आणि कारागीर म्हणतो, जवळपास तेच आहे. तेच नाही. त्या कटरने कापलेले चाक पहिल्या फेरीतच अडकते किंवा खडखडत दाते खाते. काटकोनात जुळणाऱ्या तिरप्या दात्यांचा हिशेब आणखी अवघड. आणि अनेक स्वस्त हातयंत्रांत दाते कापलेलेच नसत, ते साच्यातून जसे निघाले तसेच वापरत. अशा चाकाला आजच्या मशिनिस्टचे कोष्टक लागू पडत नाही. तिथे पॅटर्न कोरणाऱ्याचा डोळाच उपयोगी येतो.

बोल्टांचेही तसेच. व्हिटवर्थने १८४१ मध्ये आट्यांचे प्रमाण सुचवले, पंचावन्न अंशांचे. अमेरिकेत सेलर्सने १८६४ मध्ये साठ अंशांचे मांडले. बहुतेक मापांत दोघांचे इंचामागचे आटे सारखेच आहेत, पण अर्ध्या इंचाच्या बोल्टाला इंग्रजी बारा आणि अमेरिकी तेरा. नट दोन-तीन फेरे सहज जातो आणि मग आवळतो. जोर लावणारा बोल्टही घालवतो आणि बिडाचे भोकही. यंत्र अमेरिकी असून त्यावर इंग्रजी अर्धा इंची बोल्ट घट्ट बसलेला दिसला, तर पूर्वी कधीतरी कोणीतरी ते इथे दुरुस्त केले असण्याची शक्यता असते. ती जुनी दुरुस्तीही यंत्राच्या इतिहासाचा भाग आहे आणि ती टिकत असेल तर काढू नये.

आता या सगळ्याला लागणारी माणसे मोजून पाहावीत: पॅटर्न करणारा सुतार, एकच नग ओतायला तयार होणारी फाउंड्री, टर्नर, बीड ओळखणारा वेल्डर, आणि पाटासाठी चांगले लाकूड निवडणारा. मारुंजीचे भाग्य असे की ही माणसे दूर नाहीत. पूर्वेला थोड्या अंतरावर चिंचवड, पुढे भोसरी. साठच्या दशकात सुमंत मुळगावकरांच्या पुढाकाराने टेल्को या वाहने बनवणाऱ्या कंपनीचा पुण्यातला पसारा उभा राहू लागला, तेव्हा तिथे वाहनांच्या आधी यंत्रे आणि डाय बनवणारा विभाग आला आणि शिकाऊ मुलांना घडवणारी व्यवस्था आली. मोठ्या कारखान्यांच्या आसऱ्याने लहान वर्कशॉप वाढली. त्यांतल्या जुन्या मिस्त्रींच्या हातात आजही हे ज्ञान आहे, पण त्यांच्याकडे येणारे काम हजारांच्या नगांचे असते. पॅटर्न आता संगणकावर चालणारे यंत्र कापते. एकच चाक, तेही मोजून, विचारून, जुळवून, असे काम घेऊन त्यांच्या दारात कोणी जात नाही. जुने यंत्र नेमके तसे काम घेऊन जाते.

दुसरा आक्षेप संग्रहालयांच्या बाजूने येतो: नवा भाग बसला की यंत्र खरे राहत नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलेल्या माणसाला या आक्षेपामागची कळकळ समजते. दिनकर गंगाधर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दारे, भांडी अशा लोकांनी टाकाऊ मानलेल्या वस्तू गावोगाव हिंडून जमवल्या, अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने संग्रहालय उभे केले आणि १९७५ मध्ये तो ठेवा महाराष्ट्र शासनाला दिला. त्या वस्तूंवर कोणी कानस चालवलेली नाही, हेच योग्य. अडकित्ता काचेआडूनही कळतो. त्याची दोन पाती पाहिली की हात कसा चालत असेल ते उमगते. यंत्राचे तसे नाही. खिट्टी सरकवल्यावर तेच हँडल गिरमिटाला उलट कसे ओढते, हे थांबलेल्या यंत्राकडे कितीही पाहिले तरी नीट कळत नाही. गती हा यंत्राचा अर्धा देह आहे. ती गेली तर उरलेले अर्धे खरे असूनही अपुरे.

खरेपणाच्या प्रश्नाला जगाने शोधलेले एक चांगले उत्तर उपलब्ध आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेच्या बाराव्या कलमात म्हटले आहे, की हरवलेल्या भागांच्या जागी येणारे नवे भाग एकूण वास्तूशी सुसंगत असावेत, पण मुळापासून वेगळे ओळखू यावेत. सनद वास्तूंसाठी आहे, तरी तिचा नियम यंत्राला चपखल बसतो. नव्या चाकावर, दिसेल पण खुपणार नाही अशा जागी, ओतल्याचे साल उमटवावे. रंग जुन्याशी मिळता द्यावा, गंजाचे खोटे डाग पाडू नयेत. तुटलेले मूळ चाक फेकू नये, यंत्राशेजारी ठेवावे. मूळ बिडात नवी भोके पाडू नयेत. दात्यांवर संरक्षक जाळी हवी असेल तर ती जुन्याच बोल्टांना धरावी. जुन्या बाजारातल्या व्यापाऱ्याला हे आवडणार नाही, कारण ओळखू येणारा नवा भाग किंमत उतरवतो. पण किंमत वाढवण्यासाठी केलेली दुरुस्ती आणि समजून घेण्यासाठी केलेली दुरुस्ती यांत इथेच फारकत होते, आणि ती व्हायलाच हवी.

तिसरा आक्षेप सर्वांत जिव्हारी लागणारा आहे. हाताने चालणाऱ्या यंत्राचे कौतुक करणारे बहुधा ते चालवणारे नसतात. दिवसभर राबणारा माणूस सरासरी साधारण ७५ वॅट शक्ती देतो. हातातले विजेचे ड्रिल पाचशे-सहाशे वॅटचे असते. ज्या सुताराने हँडल सोडून ड्रिल घेतले त्याने शहाणपणच केले. शिवाय ही विद्या सर्वांची नव्हती. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गावगाडा’त बलुतेदारीची जी मांडणी दिसते, तीत सुतारकी जन्माने मिळते, मोबदला पेंढ्यांत आणि धान्यात ठरतो, आणि दुसऱ्या जातीतल्या हुशार मुलाला वाकस हातात घेण्याची मुभा नसते. मुलीचा तर प्रश्नच नव्हता. त्या काळाच्या आठवणीने डोळे ओले करणे म्हणजे या अन्यायावर पांघरूण घालणे होय.

हे पूर्ण मान्य करूनच दुरुस्तीची बाजू घेतली पाहिजे. हँडल फिरवण्याचे कष्ट परत आणायचे नाहीत. कोणा कारागिराला या यंत्रावर पोट भरायला सांगायचे नाही. पण ज्या ज्ञानाचे दार पूर्वी जातीने बंद केले होते आणि आता कंपनीच्या फाटकाने बंद केले आहे, ते उघडायला असे यंत्र फार उपयोगी आहे, कारण त्याचे पोट उघडे आहे. आजच्या ड्रिलचे कवच उघडले तर आत सीलबंद मोटर आणि सर्किट. या यंत्रात शक्ती हातातून कुठे जाते, कुठे वळते, वेग कुठे वाढतो आणि जोर कुठे वाढतो, हे बोटाने दाखवता येते. आठवीतल्या मुलीला गुणोत्तर शिकवायला वीस आणि चाळीस दात्यांच्या दोन चाकांहून चांगले साधन नाही, आणि त्यांतले एक तिने स्वतः मोजून ओतवून घेतलेले असेल तर ती ते विसरणार नाही.

पुणे जिल्ह्यात या विचाराचा पाया चाळीस वर्षांपूर्वीच घातला गेला आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पाबळ इथे विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करत शिकणे हा त्याचा गाभा. वेल्डिंग, सुतारकाम, शेती, घरबांधणी यांतून शास्त्र शिकवण्याचा त्यांचा अभ्यासक्रम पुढे अनेक शाळांत गेला. २००२ मध्ये तिथे फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या मदतीने वस्तू घडवण्याची प्रयोगशाळा, उभी राहिली; अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेरच्या अगदी पहिल्या काही प्रयोगशाळांपैकी एक. पाबळला जे जमले त्याला एक दुष्काळी गाव पुरले. मारुंजीच्या आसपास हजारो इंजिनिअर राहतात. थ्रीडी प्रिंटर हाताळणारे त्यांत पुष्कळ. तुटक्या चाकाचे स्कॅन करून, तुटलेले दाते संगणकावर पुरे करून, एक टक्का मोठे करून प्लॅस्टिकचा पॅटर्न छापणे त्यांना अवघड नाही. पण उतार किती द्यायचा, वाळूत पॅटर्न कोणत्या बाजूने ठेवायचा, कोणत्या कोपऱ्यात बीड नीट भरणार नाही, हे स्क्रीनवर दिसत नाही. ते सांगायला चिंचवडचा निवृत्त पॅटर्नमेकर लागतो. त्याला बोलावून आणायचे कारण एका तुटक्या यंत्राने मिळत असेल, तर ते कारण दवडू नये. कंपन्यांच्या सामाजिक निधीतून शाळांना रंगरंगोटी आणि संगणक मिळतात, त्याऐवजी एका वर्षी एक वर्कबेंच, एक व्हाइस, कानशींचा संच आणि दुरुस्तीला घेतलेले एक खरे यंत्र मिळाले, तर खर्च कमी आणि शिकणे जास्त होईल.

खर्चाबाबत मात्र सरळ बोलले पाहिजे. एकच नग ओतायला बीड किरकोळ लागते. पैसा पॅटर्नला आणि वेळेला लागतो. म्हणूनच पॅटर्न ही या सगळ्या खटाटोपातली सर्वांत मोलाची वस्तू. चाक पुन्हा तुटू शकते. पॅटर्न शाबूत असेल तर दुसरे चाक थोडक्यात होते आणि तसलेच यंत्र दुसऱ्या गावात निघाले तर त्यालाही ते उपयोगी पडते. जपून ठेवलेल्या प्रतीचे मोल एका जहाजाच्या हकिकतीवरून कळते. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी बांधलेले, १८१७ मध्ये पाण्यात उतरलेले ‘ट्रिंकोमाली’ हे सागवानी जहाज आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला दुरुस्त होऊन उभे आहे. ते बांधले जाण्याआधी त्याची आरेखने घेऊन निघालेले ‘जावा’ जहाज १८१२ च्या अखेरीस अमेरिकनांच्या हाती लागले आणि आरेखने गेली. दुसरी प्रत पाठवता आली, म्हणून मुंबईत काम सुरू झाले.

मारुंजीत दुरुस्त होणाऱ्या यंत्राचीही अशीच दुसरी प्रत हवी. पॅटर्न एका जागी, त्याची मापे, दात्यांचा हिशेब, आट्यांची नोंद आणि वापरलेल्या बिडाची माहिती दुसऱ्या जागी. एक संच शाळेत, एक ग्रामपंचायतीत. पॅटर्नला चपड्याचे दोन-तीन हात द्यावेत आणि तो जमिनीपासून उंच, वारा लागेल अशा फळीवर ठेवावा. मुळशीच्या पावसाळ्यात सागसुद्धा थोडा फुगतो, आणि फुगलेल्या पॅटर्नवरून ओतलेले चाक जोडीच्या चाकाशी जुळत नाही.